मी कार्ब्युरेटरवादी कसा झालो

मला मोटारींतलं काहीही कळत नाही. हे मी गेले दोन महिने आमच्या इमारतीत सांगतो आहे आणि एकही माणूस ते मानायला तयार नाही. मी जितकं "कळत नाही हो" म्हणतो, तितके ते एकमेकांकडे बघून माना डोलावतात. एवढं ज्ञान असून काय हा विनय, असं त्या माना म्हणत असतात. मी उभी हयात छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवली. दुसऱ्यांच्या चुका शोधणं हेच पोटापाण्याचं काम. आणि आता माझ्याच बाबतीतली एक ढळढळीत चूक जिन्याजिन्यातून फिरते आहे, तर ती काही मला खोडता येत नाही.

हे सगळं जावयांमुळे झालं. म्हणजे त्यांचा दोष नाही. ते शांत आहेत. मीही शांत आहे. दोन शांत माणसं एका खोलीत बसवली की शांतता नुसती दुप्पट होत नाही, ती फर्निचरसारखी जागा अडवायला लागते. लेकीचं लग्न होऊन तीन वर्षं झाली, पण आमच्यात झालेलं सगळं संभाषण एका पोस्टकार्डावर मावेल आणि खाली सहीला जागा उरेल. "प्रवास बरा झाला?" "हो." "उकडतंय." "हो, जरा." मग मी वर्तमानपत्र उघडतो, ते मोबाईल उघडतात, आणि बायको चहा घेऊन येते तेव्हा तिला दवाखान्यात आल्यासारखं वाटतं. हे तिचे शब्द.

दोघं आमच्याकडे राहायला यायच्या दोन महिने आधी लेकीचा फोन आला.

"बाबा, एक सांगू? रागावू नका. त्याला वाटतं, तो तुम्हाला पसंत नाही."

"असं मी कधी म्हणालो?"

"तेच तर! तुम्ही काहीच म्हणत नाही. या वेळी तो यायलाच तयार नव्हता. 'तूच जाऊन ये, मी असलो की त्यांना अवघडल्यासारखं होतं' म्हणाला. कसंबसं तयार केलंय. एकदा तरी नीट बोला हो त्याच्याशी. नाहीतर पुढच्या वेळेपासून मी एकटीच येत जाईन."

माणूस मला आवडतो. माझ्या मुलीचं बोलणं तो मान वर करून, शेवटपर्यंत ऐकतो. हे मला स्वतःला कधी जमलेलं नाही, त्यामुळे लगेच लक्षात येतं. पण असं काही तोंडावर कसं सांगायचं?

"पण बोलू कशावर?" मी विचारलं.

"गाड्यांवर! वेड आहे त्याला. इंजिन काय, गिअर काय, दिवसभर तेच."

फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "अहो, त्यात एवढं घाम पुसण्यासारखं काय आहे? माणसं रोज बोलतात."

माणसं रोज बोलतात, हे खरं. पण तयारी न करता कशी बोलतात, हे मला आजवर कळलेलं नाही. मी नेहमी करतो तेच केलं. वाचनालयात गेलो.

तिथे मोटारींवरचं एक जाडजूड पुस्तक मिळालं. त्याची पहिली काही पानं गळालेली होती, म्हणजे प्रकाशनाचं वर्षही गळालेलं होतं. जन्मभर पहिलं पान आधी बघणाऱ्या माणसाने तिथेच सावध व्हायला हवं होतं. पण भाषा इतकी नेटकी होती की मी पाघळलो. मोटार चालू करण्याच्या दांड्यावर अंगठा कसा ठेवावा म्हणजे तो मोडत नाही, गिअर बदलताना क्लच दोनदा का दाबावा, सगळं तपशिलात. आणि कार्ब्युरेटरचं प्रकरण तर काय सांगावं! हवा आणि पेट्रोल यांचं योग्य प्रमाणात जमवून देणारा हा भाग. जास्त हवा झाली तर इंजिन खोकतं, जास्त पेट्रोल झालं तर गुदमरतं. मला तो भाग फार आवडला. स्वभावाने मध्यस्थ, आतल्या आत काम करणारा, कुणाच्या नजरेत न येणारा. मी ते प्रकरण जवळजवळ पाठच केलं. मुद्रणदोष फक्त चार निघाले.

नुसतं वाचून भागणार नव्हतं, सराव हवा होता. आमच्या इमारतीत दर रविवारी सकाळी वाहनतळावर गाड्यांचे षौकीन जमतात. त्यांत दोन पक्ष आहेत. एका पक्षाचे पुढारी तिसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर. त्यांच्याकडे लाल रंगाची टर्बो इंजिनाची गाडी आहे, आणि गिअर हाताने बदलत नाही त्याने रिक्षाने फिरावं असं त्यांचं मत आहे. दुसऱ्या पक्षात तळमजल्यावरच्या ऑडिटवाल्या बाई एकट्याच आहेत, पण त्या चौघांना पुरतात. त्यांची गाडी दोन क्लचवाली ऑटोमॅटिक. एक क्लच चालू गिअर सांभाळतो, दुसरा पुढचा गिअर तयार ठेवून बसतो. "डॉक्टर, तुमचा हात दांडीपर्यंत पोचेस्तोवर माझे दोन गिअर बदलून होतात," असं त्या त्यांना दर रविवारी सांगतात.

मी आधी डॉक्टरांकडे गेलो. दाढही दुखत होती, म्हटलं एका खेपेत दोन कामं. ही मोठीच घोडचूक. दातांच्या डॉक्टरशी चर्चा करायला जाऊ नये. तो आधी तुमचं तोंड उघडून ठेवतो आणि मग बोलतो.

"टर्बो म्हणजे काय काका," माझ्या तोंडात आरसा घालत ते म्हणाले, "इंजिनातून बाहेर पडणारा धूर वाया जातो ना? त्या धुरावर पंखा फिरवायचा. तो पंखा आणखी हवा आत कोंबतो. जास्त हवा, जास्त ताकद. पटतं का?"

"आँ," मी म्हणालो.

"फक्त एक आहे. पाय दाबला की ताकद लगेच येत नाही. क्षणभर थांबते. आणि मग जी येते!" हे म्हणताना त्यांनी यंत्र चालू केलं. क्षणभर काही झालं नाही. आणि मग जे आलं ते मी अजून विसरलेलो नाही. "आता मला सांगा, ही मजा ऑटोमॅटिकमध्ये आहे?"

"आँआँ!"

"तेच म्हणतो मी," डॉक्टर खूश होऊन म्हणाले. मी त्यांच्या पक्षात दाखल झालो होतो.

पुढच्या रविवारी ते मला हाताला धरून वाहनतळावर घेऊन गेले. गाल सुजलेला, समोर दहाबारा माणसं, आणि ऑडिटवाल्या बाई कमरेवर हात ठेवून उभ्या.

"काका, तुम्ही सांगा," बाई म्हणाल्या. "दोन क्लच चांगले की एक?"

मला फक्त पुस्तकातलं येत होतं. मी म्हणालो, "क्लच एकच असावा. पण दोनदा दाबावा."

मग डॉक्टरांनी हळूच विचारलं, "आणि इंजिन, काका? टर्बो की बिनटर्बो?"

"कार्ब्युरेटरची सर कशालाच नाही," मी म्हणालो. "सकाळी थंडीत चोक ओढावा, इंजिन जरा खोकू द्यावं, त्याला वेळ द्यावा. घाई करू नये."

आता मला कुणीतरी सांगायला हवं होतं की कार्ब्युरेटर गाड्यांमधून जाऊन जमाना झाला. ते काम आता संगणक करतो. साधी गोष्ट होती. कुणीही हसून सांगितली असती तर मी माफी मागून घरी गेलो असतो. पण या षौकीन लोकांची एक गंमत आहे. त्यांच्यात जो जितका जुन्यावर अडून बसेल तितका तो थोर. डॉक्टरांनी डोळे मिटले. "ह्याला म्हणतात माणूस," ते म्हणाले. "आपण सगळे पोरखेळ करतोय." ऑडिटवाल्या बाईंनी कमरेवरचे हात काढले. त्या दिवसापासून मी कार्ब्युरेटरकाका झालो.

पहिले चार दिवस, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. लिफ्टमध्ये लोक मला जागा करून द्यायला लागले. पण थोरपणाला खर्च असतो. कुणी आपल्या इंजिनाचा आवाज ऐकायला बोलवायचं. मी बॉनेटवर कान ठेवून "हं" म्हणायचो, आणि त्या एका "हं"वर एकाने गाडी विकायला काढली. मी त्याच्या घरी जाऊन सांगितलं की अहो, मला खरंच काही कळत नाही. तो म्हणाला, "काका, तुम्ही माझं मन मोडू नये म्हणून म्हणताय," आणि मला लिफ्टपर्यंत पोचवायला आला.

मग डॉक्टरांनी ठरवलं की त्यांची लाल गाडी एकदा माझ्या हाताखालून जायला हवी. मी सुटकेचा मार्ग म्हणून सांगितलं, माझ्या लायसन्सची मुदत संपलेली आहे. हे खरंच होतं. तरुणपणी मेव्हण्यांच्या गाडीवर शिकलो होतो, त्यानंतर संबंध फक्त मागच्या सीटशी आला.

"एवढंच ना?" डॉक्टर म्हणाले, आणि मला वाहन कार्यालयाच्या दारात नेऊन सोडलं.

खिडकीमागच्या माणसाने जुन्या लायसन्सवरचा फोटो बघितला, मला बघितलं. "हे तुम्हीच का?"

"तेव्हा होतो," मी म्हणालो.

"प्रकृतीचा दाखला?"

मी डॉक्टरांनी सही केलेला दाखला सरकवला. त्याने शिक्का वाचला. "हा दातांचा आहे. गाडी दातांनी चालवणार का?"

दुसरा दाखला आणला. तेव्हा कळलं की मुदत उलटून इतकी वर्षं झाली आहेत की पुन्हा परीक्षाच द्यावी लागेल. घरी येऊन मी बायकोला म्हणालो, "मला जावयांशी दोन वाक्यं बोलायची आहेत आणि त्यासाठी मी सरकारी परीक्षेला बसतोय."

"तुमचं सगळंच मेलं पुस्तकातून," ती म्हणाली.

परीक्षेला गाडी मिळाली ती ऑटोमॅटिक. शेजारी परीक्षक साहेब. पहिला चौक आला. उजवीकडून एक गाडी येत होती, तिला मी जाऊ दिलं. मग एक स्कूटर होती. मग एक बाई रस्ता ओलांडायच्या विचारात दिसल्या. त्यांचा विचार पक्का होईपर्यंत थांबलो. मागे भोंगे सुरू झाले, तेव्हा मागच्यांनाही हात करून पुढे जायला सांगितलं.

"आजोबा," साहेब म्हणाले, "सगळं जग पुढे गेलं. आता आपणही जायचं का?"

मी घाबरून निघालो. वेग आला, तसा इंजिनाचा सूर चढला. मेव्हण्यांनी शिकवलेलं आठवलं, आता गिअर बदलायचा. डावा पाय क्लचच्या शोधात गेला आणि पूर्ण दाबला गेला. त्या गाडीला क्लच नव्हता. तिथे ब्रेक होता. आणि मी पुस्तकाप्रमाणे तो दोनदा दाबला.

साहेबांचा चष्मा समोरच्या काचेखालून काढून मी त्यांना दिला, आणि विचारलं, "हिला क्लच कुठे आहे?"

मी नापास झालो. वाटलं, चला, आता तरी बोभाटा होईल आणि यातून मोकळा होईन. पण संध्याकाळी वाहनतळावर वेगळीच आवृत्ती निघाली होती. क्लच नसलेल्या गाडीला आपण गाडी म्हणत नाही, असं परीक्षकाच्या तोंडावर सांगून काका उठून आले! दोन अनोळखी तरुण माझ्या पाया पडून गेले.

ऑडिटवाल्या बाईंनी हे माझ्या बायकोला सांगितलं, जरा दुखावल्या सुरात: "तुमचे हे ऑटोमॅटिक चालवणाऱ्याला माणसात धरत नाहीत म्हणे." बायकोने कौतुकाने ते लेकीला फोनवर सांगितलं. आणि लेकीने, बापाने एवढी मेहनत घेतली म्हणून आनंदून, नवऱ्याला.

ठरल्या दिवशी दोघं आले, ते चालत. हातात दोन मोठ्या बॅगा, आणि जावयांचा शर्ट घामाने पाठीला चिकटलेला.

"गाडी नाही आणली?" बायकोने विचारलं.

"नाही... म्हणजे आणलीय," जावई म्हणाले. "जरा लांब लावलीय. चालणं बरं असतं."

मी खुर्चीत ताठ बसलो. पाठ केलेलं वाक्य तोंडात घोळवत होतो. ते समोर बसले, आणि त्यांनी पाणी प्यायला पेला उचलला तेव्हा मी बार उडवला.

"कार्ब्युरेटरबद्दल आपलं काय मत आहे?"

त्यांना जोरात ठसका लागला. लेक मला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेली.

"काय करून ठेवलंत हो बाबा!"

"बोललो! तूच म्हणालीस ना?"

"अहो, त्याने विजेवरची गाडी घेतलीय! नवी! तिला गिअर नाहीत, क्लच नाही, इंजिनच नाही. तुमचं ऐकल्यापासून त्याची झोप उडालीय. तुम्हाला दिसू नये म्हणून पार बाजाराच्या मागे लावून आलाय. येताना बॅगा मी उचलते म्हटलं तर म्हणाला, नको, घाम आलेला दिसू दे, तेवढाच कष्टाळू वाटेन."

मी ओट्याला टेकलो. ज्या माणसाला जवळ आणायला मी दोन महिने घासले, तो मला घाबरून बाजाराच्या मागे गाडी लपवत होता. गप्प होतो तेच बरं होतं. तेव्हा निदान तो गाडी दारापर्यंत आणायचा.

बाहेर येऊन म्हणालो, "चला. गाडी घेऊन येऊ."

त्यांचा चेहरा उतरला. चालत बाजाराच्या मागे गेलो. एका बंद दुकानाच्या मागे राखाडी रंगाची छोटी गाडी उभी होती. तिच्यात बसून इमारतीत आलो, ती नेमकी रविवारची सकाळ. वाहनतळावर सगळा दरबार भरलेला.

गाडी आवाज न करता आत आली. डॉक्टर दचकून बाजूला झाले. तिच्याभोवती फिरून त्यांनी तोंड वाकडं केलं. "हा तर मिक्सर आहे."

"मिक्सरला निदान एक-दोन-तीन असतं," ऑडिटवाल्या बाई म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्या दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

"आमच्या कार्ब्युरेटरकाकांचे जावई, आणि हे?" मागून कुणीतरी म्हणालं.

सगळे हसले. जावई मान खाली घालून हातातल्या किल्लीशी चाळा करत होते. मग हसणं थांबलं आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. निकाल हवा होता.

मी कधी चारचौघांत आवाज चढवलेला नाही. कसा चढवतात, हेही नीट माहीत नव्हतं. पण त्या पुस्तकात गिअर का लागतो, हे सांगणारं एक छोटं प्रकरण होतं, ते डोळ्यांपुढे आलं. इंजिन ठराविक वेगातच जोर लावू शकतं, म्हणून.

"गिअर ही इंजिनाची कुबडी आहे," मी म्हणालो. आवाज चिरका निघाला. "इंजिनाला चढावर जमत नाही, म्हणून एक गिअर. सपाटीवर जमत नाही, म्हणून दुसरा. हिचे पाय धड आहेत, हिला कुबडी कशाला? आणि माझ्या जावयांची गाडी आहे. हसायचं असेल तर माझ्या तोंडावर हसा."

डॉक्टरांचं तोंड उघडं राहिलं. मला बरं वाटलं. एकदा तरी त्यांचं. पण लगेच ध्यानात आलं की आता पुढचा प्रश्न येणार आणि पुढचं प्रकरण मी वाचलेलं नाही.

"चला," मी जावयांच्या कानात म्हणालो. "एक चक्कर मारून येऊ. लवकर."

"बाबा, चार्ज फार कमी आहे. आधी लावायला..."

"नंतर लावू!"

आम्ही रस्त्याला लागलो. आणि मग मला त्या गाडीतली खरी अडचण कळली. तिच्यात आवाजच नाही. इंजिनाची घरघर असली की गप्प बसलेल्या दोन माणसांना आडोसा मिळतो. इथे माझा श्वाससुद्धा मला ऐकू येत होता. त्यांनाही येत असणार. शेवटी सहन होईना.

"मला यातलं काहीही कळत नाही," मी समोर बघत म्हणालो.

"मला कळलं होतं, बाबा," तेही समोर बघत म्हणाले. "कार्ब्युरेटरचं विचारलंत तेव्हाच."

"मग ठसका कशाला लागला?"

"तुम्ही आपणहून बोललात ना, म्हणून."

मी हसलो. तेही हसले. बराच वेळ.

"आधीची गाडी आवडती होती," थोड्या वेळाने ते म्हणाले. "टर्बो. गिअर हाताचे. पण तुमच्या लेकीला गाडी लागते. पेट्रोलचा वास, गिअरचे हिसके, सहन होत नाही तिला. दर वेळी खिडकीला डोकं टेकून बसायची आणि 'मला काही होत नाहीये' म्हणायची. मग विकून टाकली. मित्र बोलत नाहीत आता."

"लहानपणापासून लागते," मी म्हणालो. "बसमध्ये मी शेजारी कागदी पिशवी घेऊन बसायचो. तिचं लक्ष दुसरीकडे राहावं म्हणून दुकानांच्या पाट्यांवरच्या चुका शोधायचा खेळ काढला होता."

"अजून शोधते!" ते म्हणाले. "मला वाटायचं, ही सवय कुठून आली! आमचं लग्न ठरलं ना, तेव्हा पत्रिकेतसुद्धा..."

"दोन होत्या," मी म्हणालो. "मला दिसल्या होत्या. बोललो नाही."

"का?"

"तुमच्याकडून छापून आल्या होत्या. तुम्हाला वाईट वाटलं असतं."

हे असं चाललं होतं. मी त्यांना आणखी एक चक्कर मारायला सांगितली. मग त्यांनी आपण होऊन एक मारली. समोर बघत बोलायचं असलं की फार सोपं जातं, हे मला या वयात समजलं. मध्ये काचेखाली एक लाल दिवा लुकलुकायला लागला, ते म्हणाले, "होईल घरापर्यंत."

घरापर्यंत झालंच. इमारतीच्या फाटकातल्या चढावर निम्म्यात गाडी थांबली. पुढे जाईना, मागे येईना. वाहनतळातून कुणी बाहेर पडेना, बाहेरचा कुणी आत येईना. बघता बघता सगळा दरबार भोवती गोळा झाला. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर जिल्ह्यात पहिला आल्यासारखा आनंद होता. ऑडिटवाल्या बाई हातवारे करून ढकलायचं कसं ते सांगत होत्या, आणि डॉक्टर ढकलायचं नाही, ओढायचं, असं सांगत होते. बायको गॅलरीतून जेवायला हाक मारत होती. लेक जिन्यातून धावत येत होती. काचेवर टकटक सुरू झाली. काचा मात्र बऱ्या होत्या. बाहेरचं काही धड ऐकू येत नव्हतं.

जावयांनी काचेच्या बटणाकडे हात नेला. "बाबा, खाली करू का? सगळे काहीतरी म्हणतायत."

"म्हणू द्या हो," मी म्हणालो. "तुमच्या मित्रांचं सांगत होतात ना, ते आधी पुरं करा."